माझ्या पोटातली पहिली जागा

मी व्हिडिओ गेमची एक कॅसेट बोलतेय. जन्माने जपानी, पण कान आता बंगळुरी मराठीला सरावलेत.

राखाडी प्लास्टिकचं अंग, पितळी दात आणि पोटात बटणाएवढी बॅटरी. खेळ अर्धा टाकून माणसं उठली, तरी कोण कुठवर पोचलं ते ही बॅटरी लक्षात ठेवते. त्यासाठी माझ्यात तीन जागा आहेत.

ब्याण्णव साली शंभूराजच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनिअरने जाताना मला त्याच्या हातात ठेवलं. शंभूराजने शब्दकोश आणून माझी लिपी शिकून घेतली. तेव्हापासून जयनगरच्या त्या घरात जपानचं कौतुक ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मग रक्षिता लग्न होऊन आली.

"अमेरिकन गेममध्ये बंदूक घेतली की झालं," तो तिला सांगायचा. "जपान्यांचं तसं नाही. आधी गावात घरोघरी जायचं, प्रत्येकाशी बोलायचं, मग कुठे वाट सापडते. संयम पाहिजे!"

"सरी, कळलं. म्हणजे नवीन सूनच की," ती म्हणाली.

"आणि ते लोक घरात शिरताना चपला बाहेर काढतात."

"मग आपण काय डोक्यावर घेऊन शिरतो?"

सासूबाई, सकवारबाई, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "नवरा-बायको मिळून भुतं मारायलीत! शेजारी विचारले तर काय सांगू?"

वर्षभराने रक्षिताला दिवस गेले. त्या आठवड्यात दोघांनी माझ्या पहिल्या जागेत नवा प्रवास सुरू केला. नावं तीन अक्षरांतच बसवायची. तो झाला 'शांबु', ती 'राकुशि'.

"हे काय हो, राक्षसीण वाटते मी!"

"जपानीत तुझं नाव बसतच नाही, स्वल्प सांभाळून घे."

तिसरा होता छोटा तलवारबाज. त्याचं नाव तिने सुचवलं. मणी. पोटातल्या बाळाला ती तीच हाक मारायची.

"याचं मात्र नीट बसलं," शंभूराज म्हणाला.

रोज संध्याकाळी तिघं एकामागोमाग एक रांगेने गवतातून चालायची. शांबु पुढे, राकुशि मध्ये, मणी शेवटी. मणी सारखा पडायचा. शंभूराज हसून म्हणायचा, "काळजी नको, जपानी देवळात नेला की उठतो." उन्हाळा सरता सरता तिघांनी बर्फाचा डोंगर ओलांडला.

पाचव्या महिन्यात एका सकाळी तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी ती परतली. त्यानंतर घरात मणीचं नाव कुणी काढलं नाही. शंभूराजचं जपानही बंद झालं.

पण सकवारबाई दुपारी पडल्या की रक्षिता टीव्हीचा आवाज बारीक करून मला लावायची. पुढे जायची नाही, लढायची नाही. डोंगरापलीकडच्या गवतात तिघांना दहा पावलं चालवायची, दहा पावलं परत आणायची आणि बंद करायची. हे शंभूराजला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी घरातली सगळी यंत्रं पुसायला निघाली. स्कूटर, शिवणयंत्र, मग मी. शंभूराजने कापसाला स्पिरिट लावून माझे दात पुसले आणि चालतेय का बघायला मला लावलं. पडद्यावर तीन नावं आली.

 तो यादीत खाली उतरत उतरत 'पुसा'पर्यंत गेला. मी माझ्या भाषेत विचारलं, खरंच पुसू? त्याने ते दोनदा वाचलं. 'हो' निवडताना पुटपुटला, "तिच्या नजरेला पडायला नको."

माझी बॅटरी आज्ञाधारक आहे. तिला एवढंच येतं.

पूजेनंतर दोन दिवसांनी दुपारी रक्षिताने मला लावलं. तीनही जागा रिकाम्या. तिने मला काढून पुन्हा बसवलं. तीनदा. संध्याकाळी तो चपला काढत होता तेव्हाच तिने विचारलं.

"मीच पुसलं," तो म्हणाला. "तुला बघवणार नाही म्हणून."

"रोज बघत होते मी."

एक चप्पल पायात तशीच राहिली. तो म्हणाला, "परत सुरू करू या? तीच नावं घालू."

"तो नवा पहिल्या गावापासून चालेल हो," ती म्हणाली. "आपला डोंगरापलीकडे पोचला होता."

आता मी कपाटात, साड्यांच्या घडीखाली आहे. बॅटरी अजून जिवंत आहे. तुमच्या घरात एखादीने काही जपून ठेवलं असेल, तर तिच्या भल्यासाठी म्हणून पुसू नका. आधी तिला विचारा. मीही विचारलं होतं, 'खरंच पुसू?', पण माझ्यासमोर ती नव्हती.