चाकापुढचा दगड

मी जीप बोलतेय. अंगावरचा हा चकचकीत हिरवा रंग बघून फसू नका. रंग मागच्या वर्षीचा आहे, हाडं तीस वर्षांची. चंद्रपुरातल्या एका अपार्टमेंटच्या खालच्या पार्किंगमध्ये, बारा नंबरच्या खांबाशेजारी मी उभी असते. आठवड्यातले सहा दिवस माझ्यावर कापडाची खोळ असते. खोळीतून बोलतेय म्हणून आवाज जरा दबका येईल, तेवढं सांभाळून घ्या.

माझी पहिली चौदा वर्षं आलापल्लीला जंगल खात्यात गेली. सागाच्या जंगलातला एकही नाला मी सोडला नाही. साहेब बदलत, ड्रायव्हर बदलत. कामापुरते सगळे माझे होते. मग एक दिवस माझ्या दारावर खडूने फुली मारली आणि मला लिलावाच्या रांगेत उभं केलं. माझ्या शेजारी कोण, तर तीन गंजकी कपाटं आणि एक मोडका पंखा. मला फार अपमान वाटला.

तिथे मला खुशालने घेतलं. जिवतीच्या डोंगरात त्याची कापसाची शेती होती. त्याने मला बैल बघतात तशी बघितली. टायरवर लाथ मारली, बॉनेट उघडून आत डोकावला, पाठीवरून हात फिरवला. लिलावाचं आवार होतं उतारावर. तिथल्या माणसांनी मला उतारावरून सोडलं, मी धाडकन चालू झाले आणि खुशाल खूश झाला. किल्ली फिरवून सेल्फ मारून बघायचं त्याला सुचलंच नाही. माझा सेल्फ तर केव्हाच मेला होता.

घरी पोचल्यावर त्याने मला अंगणात बंद केलं आणि परत चालू करायला गेला, तेव्हा हे उघड झालं. त्याची बायको गोकुळा दारात उभी होती.

"बैल घेताना तं दात पाह्यता," ती म्हणाली. "हिचं काऊन नाई पाह्यलं?"

"उतारावर मस्त चालू झाली होती ना!"

"मंग ठेवजा तिले उतारावरच."

झालंही तसंच. घराच्या बाजूने एक उतार खाली मोहाच्या झाडापर्यंत जात होता. खुशाल मला वर, तोंड उताराकडे करून उभी करू लागला. सकाळी सोडलं की मी गडगडत निघायची आणि बरोबर मोहापाशी माझं इंजिन पकड घ्यायचं. सेल्फ त्याने दोनदा दुरुस्त केला, दोन्ही वेळा तो महिन्याभरात बसला. मग त्याने नाद सोडला. एवढा छान उतार फुकट असताना खर्च कशाला, असा त्याचा हिशेब.

आता दुसरी अडचण. माझा हँडब्रेकही धरत नव्हता. गिअरमध्ये टाकून ठेवलं तरी माझं झिजलेलं इंजिन मला धरून ठेवत नसे, मी इंच इंच सरकायची. खुशालचा पाय ब्रेकवरून निघाला की मी निघालेच. म्हणजे चाकापुढे दगड लावायला दुसरं माणूस हवं. ते माणूस गोकुळा झाली.

तिने नाल्यातून एक काळा दगड शोधून आणला. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने माझ्या चाकाच्या गोलाईला बसेल असा. खुशाल वरच्या वळणावर तीनदा हॉर्न द्यायचा. गोकुळा हातातलं काम टाकून यायची, दगड लावायची, पायाने दोनदा ठोकायची आणि म्हणायची, "सोड." तेव्हा कुठे खुशाल ब्रेक सोडायचा. तेरा वर्षं हे रोज चाललं. मी माणसांची बरीच लग्नं बघितलीत, अनेक नवऱ्या माझ्यातूनच सासरी गेल्या. पण बायकोने "सोड" म्हटल्याशिवाय पाय न उचलणारा नवरा मी एकच बघितला.

एकदा तिला उशीर झाला. हात पिठाने भरलेले, ती धुवून येईपर्यंत खुशालचा पाय आखडला आणि तो घसरला. मी निघाले ती थेट देवाजीभाऊंच्या कापसाच्या ढिगात. बॉनेटभर कापूस, खुशालच्या मिशीत कापूस. देवाजीभाऊ शेजारीच राहायचे. ते शिव्या द्यायचे सोडून हसत सुटले. "गोकुळाबाई, आपल्या सवतीले आवरा जरा!"

तेव्हापासून गावात माझं नाव सवत पडलं. गोकुळाने मात्र मला कधी त्या नावाने हाक मारली नाही. तिला राग होताच. खुशाल रविवारी माझ्याखाली झोपून तासन्‌तास नटबोल्ट आवळायचा आणि ती जेवायला बोलावून थकायची. तरी पावसाळ्यात दगडाखालची माती वाहून जायची, ती कोणी न सांगता परत भरायची ती गोकुळाच.

आमच्या गावाला तेव्हा रस्ता नव्हता. नाला भरला की मी एकटीच पलीकडे जाऊ शकायची. लसीचा डबा घेऊन नर्सबाई माझ्यातून यायच्या, मतदानाच्या पेट्या माझ्यातून जायच्या. मग पूल झाला, डांबर आलं, एसटी आली. लोक मला विसरले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण संध्याकाळी वळणावर तीन हॉर्न होते, तोवर माझं बरं चाललं होतं.

एका दुपारी खुशालच्या छातीत कळ आली. घरात गोकुळा एकटी. ती धावत माझ्याकडे आली, दगड काढायला वाकली आणि तिथेच थांबली. दगड काढून करणार काय? तिला गाडी येत नव्हती. ज्याला येत होती तो ओसरीवर घामाने भिजून पडला होता. तेरा वर्षं तिने मला थांबवलं होतं, चालवायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं. अॅम्ब्युलन्स आली, नव्या रस्त्याने आली, पण यायला वेळ लागला. खुशाल परत आला नाही.

पुढची दोन वर्षं मी उतारावर उभी होते. कोंबड्या माझ्या सीटखाली अंडी घालायच्या. गोकुळा अंडी काढायला यायची आणि मग डाव्या बाजूच्या तिच्या जागेवर जरा वेळ बसायची. एकदा तिने सरकून हॉर्न दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. बॅटरी कधीच उतरली होती. मला त्या दिवशी वाजायचं होतं हो. आयुष्यात इतकं काही मला कधी हवं नव्हतं.

मग अश्विन आला. चंद्रपूरला नोकरी करतो, जुन्या जीपांचा शौकीन. रस्त्यावरून जाताना त्याने मला पाहिलं. गोकुळाने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा तिचा पाय माझ्या सडलेल्या पत्र्यातून नुकताच आरपार गेला होता. ती बराच वेळ त्या भोकाकडे बघत होती.

"ने बाबा," ती म्हणाली. "इथी उभी राहून सडून राह्यली ते. माह्याच्यानं पाह्यलं नाई जात. तुमच्याकडे उतार हाय का पण?"

"सगळं सपाट आहे काकू. खाली पार्किंग आहे."

तिला ते पटलं नाही. अश्विनने डिझेल भरलं, बॅटरी बसवली, चाकांत हवा भरली. तो दगडाकडे वाकला तसं तिने त्याला बाजूला केलं. "थांब. दगड मी काढते. तू ब्रेकवर पाय दे." तिने दगड ओढला आणि म्हणाली, "सोड."

मी निघाले. दोन वर्षांनी, धुरात खोकत, बरोबर मोहापाशीच चालू झाले. गोकुळा दगड पोटाशी धरून उतारावरून खाली आली आणि तो मागच्या फळीवर ठेवला. "हाही घेऊन जा. दुसऱ्या दगडाले ते ऐकत नाई." मग माझ्या दारावर हात ठेवून म्हणाली, "सवत हाय माही. नीट ठेवजा."

अश्विनला ती गंमत वाटली, तो हसला.

गडचांदूरकडे उतरणाऱ्या घाटात दगड मागे खडखडायला लागला. तिसऱ्या वळणावर अश्विनने मला थांबवलं, दगड उचलला आणि कडेला टाकून दिला. तो माणूस वाईट नाही. त्याच्यासाठी तो दगड होता.

आता मला नवा सेल्फ आहे, नवा हँडब्रेक आहे. रविवारी अश्विन आणि त्याचे मित्र मला घेऊन मुद्दाम चिखल शोधत जातात, फोटो काढतात, घरी आणून धुतात. हँडब्रेक ओढला की मी जागची हलत नाही. मला थांबवायला कोणाला धावत यावं लागत नाही, आणि ते मला सहन होत नाही.

तुम्ही कधी त्या घाटाने उतरलात, तर तिसऱ्या वळणावर डावीकडे बघा. काळा दगड आहे, एका बाजूला माझ्या टायरने घासल्याची खूण आहे. तेवढा वर जिवतीकडे नेऊन गोकुळाला द्या. रस्त्यात पडला होता असं मात्र तिला सांगू नका. सवतीने परत पाठवला म्हणून सांगा. आणि जमलं, तर तिच्या घराच्या वरच्या वळणावर तीनदा हॉर्न द्या.