पाणी दाखवायला

मेकॅनिकने चमचा काचेच्या टाकीत घातला आणि शेवाळावर आडवा पडलेला झिंगा हळूच उचलला. कालपर्यंत लालभडक होता. आता दुधात बुडवून काढल्यासारखा फिका पडला होता. मानेपाशी कात फाटली होती, पण अंग काही तिच्यातून सुटलं नव्हतं. मागे पलंग करकरला, तसा त्याने चमचा झिंग्यासकट सदऱ्याच्या खिशात टाकला.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. काच पुसतोय."

"उठल्या उठल्या?"

तो बाहीने काच पुसू लागला. खिसा ओला होत चालला होता.

कण्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती पलंगाला खिळली होती. कूस बदलायलाही त्याचे हात लागत. बसगाड्यांच्या कारखान्यात हयात घालवलेला माणूस मुदतीआधीच नोकरी सोडून घरी बसला होता. बसला म्हणायचं इतकंच. अंग पुसणं, औषधं, चादरी, भांडी, यांत दिवस कधी उगवला नि कधी मावळला याचा त्याला पत्ता लागत नसे. खोलीत काहीतरी हलतं असावं म्हणून टाकी तिनेच मागितली होती. मासे नकोत म्हणाली. सारखे तोंड उघडून काहीतरी मागत असतात. झिंगे बिचारे आपल्या कामात असतात.

पण झिंगे तग धरत नव्हते. एखादा गेला की तो गुपचूप काढायचा आणि शोभेच्या माशांच्या दुकानातून दुसरा आणून सोडायचा. तिला कळू द्यायचं नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

दुपारी शेजारच्या काकूंना तिच्यापाशी बसवून तो टाकीतलं बाटलीभर पाणी घेऊन दुकानात गेला. दुकानवाल्या बाईंनी ते काचेच्या नळीत ओतलं, औषधाचे थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली.

"पाणी कुठलं घालता?"

"फिल्टरचं. आम्ही पितो तेच. दर रविवारी सगळं उपसतो, टाकी घासून लख्ख करतो."

"तिथंच घोळ होतोय. या पाण्यात क्षारच उरलेले नाहीत. कवच कशाचं करायचं त्यांनी? आणि एकदम सगळं पाणी बदललं की गांगरतात, अवेळी कात टाकायला जातात नि अडकतात."

"मग आणखी काय करू?"

"आणखी नाही, कमी करा. नळाचं पाणी भांड्यात रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्यायचं, त्यात निम्मं फिल्टरचं मिसळायचं. आठवड्याला तांब्या-दोन तांबे बदलायचं, तेही बारीक नळीने थेंबथेंब. बाकी टाकीला हात लावू नका."

कमी करा, असं त्याला कितीतरी दिवसांत कोणी सांगितलं नव्हतं. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकला. हवेचे पंप घुरघुरत होते. कोणी हाक मारत नव्हतं. वाळूच्या पोत्याला डोकं लागलं आणि त्याचा डोळा लागला. बाईंनी त्याला उठवलं नाही.

घरी आला तेव्हा गालावर पोत्याची वीण उमटलेली होती. बायकोने ती पाहिली.

"पाणी कसं निघालं?"

"सुधारेल म्हणाल्या. दर आठवड्याला दाखवायला सांगितलंय."

तसं बाईंनी सांगितलं नव्हतं. तरी तो जात राहिला. पाणी दाखवायचं, घटकाभर डुलकी काढायची, परत यायचं.

झिंगे मरायचे थांबले. एका सकाळी शेवाळात सुईच्या टोकाएवढे ठिपके सरकताना दिसले. तो गुडघ्यांवर बसला, नाक काचेला लावून पाहत राहिला.

"अगं, पिल्लं झालीत."

त्याने तिची मान उचलून उशी सारखी केली. ती बराच वेळ बघत होती.

"चला," ती म्हणाली, "आता चोरून आणायला नकोत."

उशीवरचा त्याचा हात तिथेच थांबला.

"तुला ठाऊक होतं?"

"दर वेळी एखादा नवखा कोपऱ्यात बुजून बसायचा. मला दिवसभर दुसरं काम काय आहे?"

तो हसला. हसू आवरल्यावर पलंगाच्या कडेला बसून राहिला. पाणी जमलं होतं. म्हणजे आता दाखवायला नेण्यासारखंही काही उरलं नव्हतं. तो उठला आणि भिजवलेल्या चादरी पिळायला गेला.

दुपारी काकू दारात आल्या. "आज बसू ना मी?"

"नको, काकू. आता लागणार नाही."

"थांबा हो, काकू," बायको आतून म्हणाली. मग त्याला म्हणाली, "पाणी जरा गढूळ वाटतंय. बाईंना दाखवून या."

त्याने टाकीकडे पाहिलं. दोन्ही काचांतून पलीकडे तिच्या उशीच्या अभ्र्यावरची विटलेली फुलंसुद्धा स्पष्ट दिसत होती. ती छताकडे बघत होती.

"हो," तो म्हणाला. "वाटतंय खरं."

"घाई करू नका."

तो चपला घालून बाहेर पडला. काकूंनी टाकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पलंगाजवळ खुर्ची ओढून घेतली.