वेल्कोने झोपवलेली गाडी

गाडी सुरू झाली नाही तर त्सोंकाला गाव सोडावं लागणार होतं. मुलीशी तसं बोलणंच झालं होतं. रुमियाना तिकडे परदेशात, व्हॅलेन्सियात परक्या म्हाताऱ्यांची उठबस करायची आणि फोनवरून आपल्या म्हातारीची काळजी वाहायची. "बाबा होते तोवर ठीक होतं," ती म्हणाली होती, "आता तर वर बससुद्धा येत नाही. तुला काही झालं तर कळणार कुणाला?" त्यावर त्सोंका ताडकन बोलून गेली, "शनिवारी खाली बसस्टँडवर तुला न्यायला मी गाडी घेऊन येते. नाही आले, तर बांध माझं बोचकं आणि ने बरोबर." जीभ जरा जास्तच पुढे धावली, हे तिला फोन ठेवल्यावर उमगलं.

गाडी चालवायची तिला भीती नव्हती. लग्नाआधी ती सहकारी डेअरीची दुधाची गाडी रोडोपी डोंगरातल्या या वळणांवरून रोज चालवायची. भीती होती ती झोपलेल्या गाडीला उठवण्याची. पहिलं बर्फ पडायच्या आत तिचा नवरा वेल्को गाडी गॅरेजमध्ये झोपवायचा आणि वसंतात, सेंट जॉर्जच्या सणाच्या सुमारास उठवायचा. यंदाही त्याने ती झोपवली, आणि जानेवारीत तो स्वतःच गेला. उठवायची कशी, हे सांगायचं राहूनच गेलं. जगला असता तरी सांगितलं असतं का, कोण जाणे. बायकोने काही विचारलं की "तुला काय करायचंय?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

बॅटरी सापडायला त्रास पडला नाही. ती कोठीत लोणच्याच्या बरण्यांशेजारी फळीवर होती, चार्जरसकट. शुक्रवारीच तिने ती चार्ज करून ठेवली होती. शनिवारी सकाळी त्सोंकाने ती ढकलगाडीवर घालून गॅरेजमध्ये नेली. प्लसच्या वायरला वेल्कोने लाल लोकर बांधून ठेवली होती, तेवढा एक उपकार. तिने बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

तो आवाज ऐकून शेजारचा मिंको काठी टेकत आला. ऐंशी पार केलेला गडी. अर्धं गाव रिकामं झालं, तसा उरलेल्यांच्या वाट्याला त्याचा सल्ला दुप्पट येऊ लागला होता.

"पेट्रोल शिळं झालंय, त्सोंके."

"शिळं व्हायला ते काय दूध आहे?"

"मग प्लग ओले झाले असतील. काढ आणि चुलीवर शेक. नाहीतर असं कर, भंगारात दे ही गाडी आणि जा पोरीकडे. संत्री खा. इथे काय ठेवलंय? मी?"

"तुमच्यासाठी तर मुळीच थांबत नाहीये, मिंकोदादा."

"ते एक बरं," मिंको म्हणाला. पण गेला नाही. लाकडं फोडायच्या ओंडक्यावर तसाच बसून राहिला.

तिने प्लग काढले, पुसले, शेकले, पुन्हा बसवले. पुन्हा तीच घरघर, तोच खोकला, आणि शांतता. रुमियानाची बस आता खालच्या स्टँडच्या जवळ आली असेल. काळे झालेले हात धुवायला ती स्वयंपाकघरात गेली. तिथल्या खिडकीतून गॅरेज दिसायचं. दर वसंतात भांडी घासता घासता तिने इथूनच वेल्कोला पाहिलं होतं. बॅटरीला हात लावायच्याही आधी तो गाडीच्या मागे जाऊन वाकायचा. बुटाची नाडी बांधत असेल, असं तिला वाटायचं. पण नाडी बांधायला माणूस दर वर्षी गाडीच्या मागे कशाला जाईल?

ओल्या हातांनीच ती धावली. गुडघे टेकून तिने धुराच्या नळीत बोटं घातली. काहीतरी मऊ लागलं. ओढलं, तर तिचाच राखाडी लोकरीचा मोजा, जो तिने हिवाळाभर शोधला होता.

"अरे मेल्या, माझा मोजा!" ती ओरडली, आणि लगेच तिने ओठ दातांखाली धरला.

"आणि शिव्या खाल्ल्या माझ्या कुत्र्याने," मिंको म्हणाला. "उंदीर शिरू नयेत म्हणून कोंबला असेल."

या खेपेला इंजिनाने काळा धूर ओकला, ते थरथरलं आणि चालू राहिलं. मिंको काठीवर जोर देऊन उठला.

"म्हणजे राहतेस तू."

"राहते."

"बरं," म्हणत त्याने तोंड फिरवलं आणि नाक ओढत तो घराकडे निघाला, नेहमीपेक्षा भरभर.

त्सोंकाने डोक्याला काळा रुमाल बांधला, मुलीसाठी चीज भरून भाजलेला बानित्सा फडक्यात गुंडाळला. गाडी मागे घेत रस्त्यावर आणली. खाली उतरून गॅरेजचं दार ओढलं, फाटकाला कुलूप घातलं, गाडीत येऊन बसली आणि गरम बानित्सा मांडीवर घेऊन थांबली. इंजिन चालू होतं. आता हा कुठे रेंगाळला, असं मनात येऊन ती थोडी चिडलीसुद्धा. मग तिने शेजारी पाहिलं. स्टिअरिंगसमोरची सीट रिकामी होती. इतकी वर्षं गाडी तो बाहेर काढायचा, फाटक ती लावायची, आणि येऊन आपल्या जागी बसायची.

मुलीशी लावलेली पैज ती जिंकली होती. आता फाटकही तिचं आणि गाडीही तिचीच. रडायला वेळ नव्हता, तरी ती थोडं रडली. मग उतरून, गाडीला वळसा घालून ती पलीकडे जाऊन बसली.

"चल, त्सोंके," ती म्हणाली, कारण तसं म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.