डावा हात, उजवा हात

क्वांग सर फळ्याशी उभे राहून तासभर बोलत आणि मुलं खाली माना घालून उतरवून घेत. शेजारच्या वर्गात त्यांची शिष्या युनहे मुलांना गोलात बसवी आणि मुलं तिलाच आडवे प्रश्न विचारत. नव्या शिक्षकाला शाळा एक जुनाजाणता गुरू नेमून देते, तसे क्वांग सर तिच्या वाट्याला आले होते. तिची पद्धत त्यांना पटत नव्हती, पण ते तिला सांभाळून घेत. तिचा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास होता.

आज युनहेचा खुला तास होता. तालुक्याच्या शिक्षण खात्याची मंडळी तपासायला मागे बसली होती, शेजारी क्वांग सरही होते. तास त्यांना आवडला नाही, तर उद्यापासून बाकं पुन्हा फळ्याकडे तोंड करून लागणार होती. म्हणून तिनं मुलांना बजावलं होतं, घोकून काही यायचं नाही, मनातलं बोलायचं.

"शाळेपुढचं कापराचं झाड रस्त्यासाठी तोडावं का?" तिनं विचारलं.

झाडून सगळे हात वर. वर्षभर तोंड न उघडलेल्या मिनयाओचासुद्धा! युनहेचा ऊर भरून आला. तिनं मिनयाओलाच उठवलं.

पोर रडकुंडीला आली. "बाई, माझा डावा आहे."

"डावा म्हणजे?"

"उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. डाव्यांना उठवायचं नाही. क्वांग सरांनी काल बसवून घेतलं ना."

मागं कुणीतरी खाकरलं. क्वांग सर खिडकीबाहेर बघत राहिले.

तास संपल्यावर युनहेनं त्यांना व्हरांड्यात गाठलं. "सर, मला न विचारता?"

"विचारलं असतं तर ऐकलं असतंस? अगं, तुझीच लाज राखायला गेलो."

केसानं गळा कापायचा आणि वर उपकार केल्याचा आव. ती तडक वर्गात परतली.

"मला आधी का नाही सांगितलंत?" तिनं मुलांना विचारलं.

"आम्हाला वाटलं, तुम्हीच पाठवलंय सरांना," मिनयाओ म्हणाली.

"मी तर म्हणाले होते, मनातलं बोला."

"पाहुणे यायचे असले की सगळेच तसं म्हणतात, बाई."

"मग वर्षभर आम्ही तासाला तुमच्याशी भांडलो," वर्गातली सगळ्यांत भांडकुदळ शुएझेन हळूच म्हणाली, "तेही बसवलेलंच होतं का?"

"नाही," युनहे म्हणाली. "शपथ घेऊन सांगते, नाही."

"हो, बाई," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.