खिडकीकडे पाठ

मी कॅमेरा. माझं काम बघायचं. बोलायचं काम घरातल्या माणसांनी आपसांत वाटून घेतलंय. तरी आज थोडं बोलतो, कारण आमच्या साहेबांची एक चूक माझ्या नावावर खपवली गेली.

साहेब निवृत्त हेडक्लार्क. निरोपाच्या दिवशी कचेरीने मला त्यांच्या हाती दिलं. माझी माहितीपुस्तिका त्यांनी बारकाईने वाचली, लाल रेघा मारल्या आणि नियमावलीचं जे करतात तेच केलं: कपाटात ठेवली. मग सामान येऊ लागलं. आणखी दोन भिंगं, तिवई, खांदा उतरवणारी बॅग. चांगला फोटो तेवढा येईना. नवशिक्यांनो, वर्षभर एकाच भिंगावर संसार करा. जवळ जायचं तर पाय आहेतच.

साहेबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. माझा मागचा छोटा पडदा नीट दिसेना, म्हणून त्यांनी त्याचा उजेड पार शेवटपर्यंत वाढवला. त्या दिवसापासून प्रत्येक फोटो त्यांना झकास दिसू लागला. हाताखाली खुशमस्कऱ्या आला की साहेब लोकांचं जे होतं, तेच झालं.

त्यातच साहेबांच्या थोरल्या ताईंचं परदेशी जायचं ठरलं. ताई शिवणकाम करायच्या. पन्नास वर्षं एकाच खोलीत, एकाच खिडकीपाशी. वडील गेल्यावर साहेबांचं शिक्षण ताईंच्या शिलाई मशीनवर झालं. आता त्या तिथल्या लेकाकडे निघाल्या होत्या, कायमच्या. आणि त्यांच्या एकटीचा असा एकही धड फोटो घरात नव्हता.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. ताई नेहमीसारख्या मशीनपाशी, खिडकीकडे पाठ करून बसलेल्या.

"लवकर उरक रे बाळ्या. बॅगा भरायच्यात अजून."

खिडकीत भर ऊन. एवढा उजेड समोर आला की मी सगळाच उजेड दाबतो, हा माझा स्वभाव. खिडकी सावरली, ताई काळोखात गेल्या. अशा वेळी अधिकच्या खुणेचं बटण दाबून उजेड वाढवावा लागतो. पुस्तिकेत त्या ओळीखालीही लाल रेघ होती. साहेबांनी पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, "फक्कड."

संध्याकाळी फोटो छापणाऱ्या दुकानदाराने कागद पुढे सरकवला. "काका, खिडकी सुरेख आलीय. या बाई कोण?"

"माझी बहीण."

"असतील. दिसत नाहीत."

"कॅमेराच बिघडलाय," साहेब म्हणाले.

दुकानदाराने मला उलटसुलट करून पाहिलं आणि हसू दाबलं. "पडद्याचा उजेड मध्यावर ठेवा काका. आणि फोटोपेक्षा त्याखालचा हा उजेडाचा आलेख बघा. डोंगर डावीकडे चिकटला की फोटो अंधारात गेला समजा. तेही नको असेल, तर त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवा."

"हाच जरा उजळता नाही येणार?"

"येईल की. चेहऱ्यावर राख टाकल्यासारखे दाणे येतील. चालेल?"

साहेबांनी मला बॅगेत घातलं.

ताईंची गाडी सकाळी नऊला होती. आम्ही सातला हजर. मशीन शेजारणीने नेलेलं, खोलीत एक खुर्ची उरलेली. साहेबांनी तिचं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि स्वतः खिडकीशेजारच्या भिंतीला चिकटून उभे राहिले.

"इकडे तोंड करून मी कधी बसलेय का?" ताई कुरकुरल्या. "उजेड कापडावर पडायला हवा. माझ्या थोबाडावर पडून काय उपयोग?"

"आजच्या दिवस पडू दे."

ताई बसल्या. बाहेर बघत राहिल्या. कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"बाळ्या, समोरचं झाड केवढं झालंय रे."

साहेबांनी तेव्हाच बटण दाबलं. मग हाताचा आडोसा करून आलेख पाहिला. डोंगर मधोमध होता. खात्रीसाठी पुन्हा पाहिला.

महिन्याभराने ताईंचा फोन आला. साहेबांना ऐकू कमी येतं, म्हणून दोघांचंही बोलणं मला ऐकू आलं.

"फोटो मिळाला रे. मी अशी दिसते होय?"

"अशीच दिसतेस."

"मग इतकी वर्षं सांगितलं नाहीस ते?"

फोन ठेवून साहेबांनी मला मांडीवर घेतलं आणि माझी काच पुसत बसले.

आता माझं वय झालंय, बटणांवरची अक्षरं झिजलीत. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर स्वच्छ काच उगाच पुसू नका, ओरखडे पडतात. त्या दिवशी माझी काच स्वच्छच होती. पण साहेबांना मी काही बोललो नाही.