रश्मीची बोटं

रश्मीला दिल्लीची धास्ती नव्हती, धास्ती होती ती स्वतःच्याच बोटांची. परदेशातल्या चीज कारखान्यात इंटर्नशिप पदरात पडली होती. पण त्या चिमुकल्या देशाची कचेरी ना पुण्यात, ना मुंबईत. व्हिसासाठी थेट दिल्लीच्या दूतावासात जाऊन दहाही बोटांचे ठसे द्यायचे. मशीनने बोटं नाकारली, तर पुढची तारीख इंटर्नशिप सुरू झाल्यानंतरची. म्हणजे सगळंच मुसळ केरात.

आणि बोटांची तर पार वाट लागलेली, ठशांच्या रेषाच झिजून गेलेल्या. ऊसतोडीत जोडीलाच एक कोयता म्हणतात, एकट्याला कुणी कामावर घेत नाही. वडिलांचा, कोंडीरामांचा, पाय मोडला, तेव्हा त्यांच्या जागी आईबरोबर तीच फडात उतरली. डेअरीचं शिकणारी पोरगी ऊस सोलत होती, तेव्हा व्हिसाचा विचार कुणाच्या डोक्यात येणार! हंगाम संपवून शेवगावला परतल्यावर रेशनच्या मशीनने तिचा अंगठा नाकारला, तेव्हा कुठे तिला व्हिसाचे ठसे आठवले.

त्या दिवसापासून चांगुणाबाईने लेकीला भांड्यालाही हात लावू दिला नाही. रोज तिच्या बोटांना खोबरेल चोळायची. तरी निघायच्या आदल्या दिवशी रश्मीचा धीर सुटला आणि ती आईला घेऊन पुन्हा रेशन दुकानात गेली.

"ठेव थम," दुकानदार वैजनाथ म्हणाला.

लाल दिवा. तिने अंगठा ओढणीला पुसून परत ठेवला. पुन्हा लाल. चांगुणाबाईने तिचं मनगट धरून अंगठा हळूच दाबला आणि मशीनने पावती बाहेर काढली. रश्मी तिथेच रडायला लागली.

"आता ही गेल्यावर थम कुनाचा लावनार?" वैजनाथने विचारलं. "कोंडीरामचा लागत न्हाई. तुजा तर कवाच लागला न्हाई."

चांगुणाबाईने आपला अंगठा मशीनवर ठेवून पाहिला. लाल दिवा लागला. तिने हात पदराखाली घेतला.

"बगू मंग," ती म्हणाली. "हिचा लागला न्हवं, बास झालं."

धान्याची पिशवी घेऊन दोघी घराकडे निघाल्या. रश्मीची धास्ती गेली नव्हती, फक्त जागा बदलून बसली होती. आपल्यामागं या दोघांचं कसं व्हायचं? तिला ते विचारवेना. तिने नुसताच आईचा हात हातात घेतला. चांगुणाबाईने तो हळूच सोडवून घेतला.

"नगं धरू," ती म्हणाली. "माजा हात लई खरबरीत हाय. दिल्लीपत्तूर जप तुजी बोटं."