मागचं ऑइल

मी एका जुन्या जीपचा डिफरन्शियल आहे. जीप अजून धावते. मी मात्र कऱ्हाटी गावात, जीपचे मालक बापूसाहेब यांच्या गोठ्यामागे पडून आहे. मित्रांनो, जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, तो मी. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी. ती वाटणी मी करायचो. इंजिनाचा सगळा जोर माझ्या दातेरी चक्रांवरून चाकांकडे जायचा. हे दाते एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून त्यांना नव्वद नंबरचं जाड ऑइल लागतं. त्याला गंधकाचा घाण वास येतो. पण दाते वाचतात ते त्या गंधकामुळेच.

बापूसाहेबांचे वडील नाना होते तोवर माझी आबाळ झाली नाही. दुकानात ते ठासून सांगायचे, "जीपच्या मागचं. नव्वद नंबर." कांद्याची पोती घेऊन सुप्याच्या बाजाराला निघालं की म्हणायचे, "मांजरावाणी चालती गाडी. आवाज न्हाय."

नाना गेल्यावर बापूसाहेब दुकानात जाऊन एवढंच म्हणाले, "मागचं ऑइल द्या." ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडी मागचं ऑइल म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या भागातलं, हायड्रॉलिकचं, पातळ. बापूसाहेबांचा ट्रॅक्टर दुकानदाराला माहीत होता. त्याने तेच दिलं.

अंगणात डबा उघडला तेव्हा त्यांच्या पत्नी चतुराबाई थबकल्या. "आवं, ह्याला वास कसा न्हाय? नानांच्या ऑइलनं समदं घर घाण व्हायचं."

"मग बरंच की! नाक धरायला नको."

"डब्यावर ट्रॅक्टरचं चित्र हाय."

"ट्रॅक्टरला चालतंय, तर जीप काय जावई लागून गेली व्हय?"

हे वाक्य मी विसरलो नाही.

ते पातळ ऑइल माझ्यात ओतलं गेलं. दाते उघडे पडले, तापले, झिजू लागले. मी कण्हायला लागलो. बापूसाहेबांनी गाण्यांचा आवाज वाढवला. मग मी त्यांच्या भल्याचा विचार सोडला आणि संधीची वाट बघू लागलो.

संधी खऱ्या जावयानेच दिली. मुलगी तेजश्रीचं लग्न इंदापूरला ठरलं. नवऱ्यामुलाला टिळा लावायला जायचं होतं. व्याही इंद्रजितराव फोनवर म्हणाले, "आमची गाडी पाठवतो." बापूसाहेबांनी नको म्हणून सांगितलं. फोन ठेवून ते चतुराबाईंना म्हणाले, "पयल्यांदाच त्येंच्या दारात जायचं, अन् त्येंच्याच गाडीतनं? पोरीची मान खाली घालू व्हय?"

गुलाबी फेटा बांधून ते स्वतः चालवायला बसले. बारामती गेली. निमगाव केतकीही मागे पडलं. इंदापूर जवळ आलं, चढ लागला, त्यांनी पाय दाबला. मी उरलेले दाते सोडून दिले. कडाड असा आवाज झाला. इंजिन ओरडत राहिलं, चाकं जागची हलेनात.

शेवटी त्यांनाच व्याह्यांना फोन करावा लागला. इंद्रजितरावांची गाडी पाहुणे आणायला गेली होती. ते ट्रॅक्टर घेऊन आले.

"व्याही, गाडी पाठवतो म्हणलो हुतो मी," असं हसून म्हणत त्यांनी दोर बांधला.

बापूसाहेब स्टिअरिंगवर बसले. शेजारून चतुराबाई म्हणाल्या, "मागचंच पायजे हुतं नव्हं तुमाला? बसा आता ट्रॅक्टरच्या मागं."

तशी वरात लेकीच्या सासरच्या दारात पोचली. गल्ली बघायला बाहेर आली होती. टिळा वेळेवर लागला, पुढे लग्नही नीट झालं. पोरीचं काही बिघडवायचं नव्हतंच मला. मला तो गुलाबी फेटा झुकलेला बघायचा होता. बघितला.

मित्रांनो, ज्याचं ऑइल त्यालाच द्या. गाडीखालून कुणी कण्हत असेल, तर गाणी बंद करून ऐका. ऐकलं नाहीत तरी चालेल. आम्हाला वाट बघता येते.

माझ्या जागी आता दुसरा डिफरन्शियल बसवला आहे. त्याचं ऑइल बदलायचं असलं की बापूसाहेब माझ्यासमोरच डबा उघडतात, आधी नाकाशी नेतात आणि घाण वासाने तोंड वेडंवाकडं करतात. ते तोंड बघण्यासाठी मी गंज सोसत इथे पडून आहे.